केमोच्या खोलीतले सोबती

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या मेळाव्यात दरवर्षी दहावी-बारावीच्या निकालावर बोलणे होते, गुणवंतांचा सत्कार होतो, मुलींच्या पुढील शिक्षणाची चर्चा होते. यंदा चिटणीससाहेब मला म्हणाले, "सर, तुम्ही आपल्या आजारपणावर बोला." शाळेच्या मेळाव्यात आजारपणाचे काय काम, असे मी विचारले. त्यांनी मला नववीतल्या एका मुलीची आठवण दिली. ती मुलगी तीन महिने गैरहजर होती. आम्ही शिक्षक समजत होतो की, तिचे शिक्षण बंद करून घरी बसवले आहे. खरी गोष्ट अशी की, तिची आई मुंबईला केमो घेत होती, मुलगी घर आणि धाकटी भावंडे सांभाळत होती, आणि घरातून तिला सक्त ताकीद होती की, शाळेत एक शब्द बोलायचा नाही. का, तर उद्या मुलीला स्थळ कोण देणार? हे ऐकल्यावर मी बोलावयास तयार झालो.

मी डॉक्टर नाही. बी.ए. मराठी-इतिहास आणि नंतर बी.एड., एवढेच माझे शिक्षण. तेव्हा औषधांविषयी मी जे सांगेन ते रुग्णाच्या बाजूने सांगेन. औषधाचा निर्णय आपल्या डॉक्टरांनीच करावयाचा, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

माझ्या आजाराचे नाव हॉजकिन लिम्फोमा. थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टराने १८३२ साली त्याचे वर्णन केले म्हणून हे नाव. आपल्या शरीरात मानेत, काखेत, जांघेत ज्या लसिकाग्रंथी असतात त्यांचा हा कर्करोग. माझ्या मानेत डाव्या बाजूला २०२२ च्या पावसाळ्यात गाठ आली. दुखत नव्हती. संध्याकाळी बारीक ताप येई, रात्री बनियन घामाने भिजे, वजन उतरत होते. आपल्याकडे मानेची गाठ म्हटली की टी.बी., आणि टी.बी. आपल्या देशात एवढा आहे की, ही शंका येणे चुकीचेही नाही. पण ज्या डॉक्टरांकडे मी गेलो त्यांनी गाठीचा तुकडा न तपासताच टी.बी.ची औषधे सुरू केली. पाच महिने गेले, गाठ वाढतच राहिली. डिसेंबरात दुसऱ्या डॉक्टरांनी बायोप्सी केली आणि खरे नाव कळले. पालकांनो, एवढी एक गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. गाठ महिनाभरात गेली नाही तर तुकडा तपासून घ्या. सुईने किंवा शस्त्रक्रियेने तुकडा काढल्यास रोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे फार आहे, तिच्यापायी कित्येकांचे मोलाचे महिने वाया जातात.

जानेवारी २०२३ ते जुलै २०२३ या काळात परळच्या टाटा हॉस्पिटलात माझे उपचार झाले. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्या दुःखातून टाटांच्या ट्रस्टने हे रुग्णालय उभे केले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेथे काश्मीरपासून आसामपर्यंतची माणसे येतात. ज्यांना राहायला जागा मिळत नाही ती रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर ताडपत्री बांधून राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मला आणि माझ्या धाकट्या भावाला सुदैवाने दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खाट मिळाली. तेथे कोणी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, फक्त रुग्णालयाची फाईल पाहिली.

चार औषधे, दर पंधरा दिवसांनी एक डोस, असे बारा डोस ठरले होते. केमोची खोली म्हणजे ऑपरेशन थिएटरसारखी काही भयंकर जागा असावी, असे माझ्या मनात होते. प्रत्यक्षात ती पुष्कळशी एस.टी.च्या प्रतीक्षालयासारखी असते. ओळीने खुर्च्या आणि खाटा, प्रत्येकाच्या डोक्याशी सलाईनचा स्टँड, आणि चार-पाच तास काही करावयाचे नाही. मग माणसे बोलू लागतात. पहिल्या डोसाला मी कोणाशी बोललो नाही. दुसऱ्या डोसापासून जे सोबती मिळाले त्यांच्याविषयी आज मुख्यतः सांगावयाचे आहे. त्यांची नावे सांगत नाही. त्यांच्या गावीही शेजारी आहेत आणि लग्नाच्या मुली आहेत.

पहिले म्हणजे महाड डेपोचे एक निवृत्त कंडक्टर. त्यांना आतड्याचा कर्करोग होता. मी चिपळूण तालुक्याचा आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. सारी नोकरी त्यांनी मुंबई-गोवा रस्त्यावर काढलेली. "मास्तर, बारा डोस म्हणजे बारा स्टॉप," ते म्हणाले, आणि बोटांवर मोजून दाखवले. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी, भरणे नाका आणि चिपळूण. बरोबर बारा. तेव्हापासून प्रत्येक वेळी मी खोलीत शिरलो की, पलीकडून आवाज येई, "कुठवर आली गाडी?" मी म्हणे, "नागोठणे." ते म्हणत, "नागोठण्याला चहा बरा मिळतो, उतरून पिऊन घ्या." सहाव्या डोसाला पेशी कमी भरल्या म्हणून मला आठ दिवसांनी यावयास सांगितले. मी तोंड पाडून बसलो होतो. ते म्हणाले, "इंदापूरला टायर पंक्चर झाला. गाडी रद्द नाही केली, स्टेपनी लावतायत." मला हसू आले. त्या दिवसांत हसू येणे ही किती मोठी गोष्ट होती, हे येथे बसलेल्या निरोगी माणसांस कसे सांगावे ते मला उमजत नाही.

कशेडीचा घाट म्हणजे दहावा डोस. घाटाच्या बोगद्यातून वाहतूक सुरू होण्याच्या आधीची ही गोष्ट आहे, तेव्हा तो नागमोडी घाटच होता आणि पोटात ढवळणे म्हणजे काय हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. माझी तीच अवस्था होती. मला रुग्णालयाच्या दारात पाय टाकताच, सुई लागण्यापूर्वीच, उलटी होऊ लागली. स्पिरिटचा वास आला की पोट उसळे. मला वाटले, आता आपले डोके बिघडले. बी.एड.ला आम्ही पावलॉव्हच्या कुत्र्याचा प्रयोग पाठ केला होता. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, तो अभिसंधित प्रतिसाद. पाच-दहा गुणांचा प्रश्न म्हणून पाठ केलेला तो धडा माझ्याच पोटात चाललेला आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ते ध्यानात आणून दिले एका कोळीण बाईंनी. त्या उरणकडच्या होत्या, त्यांना स्तनाचा कर्करोग होता. त्या म्हणाल्या, "भाऊ, मला तर परळ स्टेशन आलं की व्हायचं. डॉक्टरला सांग. त्याची गोळी आदल्या रात्री घ्यायची असते." मी सांगितले. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, आणि हे पुष्कळांना होते असे म्हणाले. मी पंधरा दिवस लाजेने गप्प होतो आणि विचारले असते तर दोन मिनिटांचे काम होते.

या बाईंची मला फार मदत झाली. माझ्या चार औषधांपैकी एक लाल रंगाचे असते, त्यांनाही तेच होते. पहिल्या वेळी ते नळीतून उतरताना पाहून मी घाबरलो होतो. दुसऱ्या डोसाला त्या शेजारच्या खुर्चीवरून म्हणाल्या, "उद्यापर्यंत लघवी लाल होईल. रक्त नाही ते, औषध आहे. बोंबलत डॉक्टरकडे पळू नकोस." पहिल्या वेळी मी नेमका रात्रभर झोपलो नव्हतो! छापील माहितीपत्रकात ही गोष्ट होती. पण ज्याच्या हाताला सुई आहे तो पत्रक वाचत नाही, शेजारच्याचे ऐकतो.

त्यांनी सांगितलेल्या आणखी काही गोष्टी, ज्या नंतर मी परिचारिकांना विचारून पक्क्या केल्या, त्या माता-भगिनींच्या उपयोगाच्या आहेत. तोंड आले तर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा. तिखट आणि गरम बंद. जेवण तीन वेळा पोटभर नको, दर दोन तासांनी चार घास. फोडणीचा वास सहन होत नसेल तर स्वयंपाक चालू असताना रुग्णाला ओट्यापासून लांब बसवावे आणि अन्न थंड करून द्यावे. स्टीलच्या चमच्याची धातूसारखी चव येते, म्हणून लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा. शीर सापडत नसेल तर आधी भरपूर पाणी प्यावे आणि हात कोमट पाण्यात धरावा. सुईच्या जागी आग होऊ लागली तर "थोडे सोसू" असे न म्हणता त्याच क्षणी परिचारिकेला हाक मारावी, कारण यांतली काही औषधे शिरेबाहेर गेली तर कातडी आणि मांस जाळतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थर्मामीटर. डोसानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी फार कमी होतात. त्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो, ईद असो, लग्न असो, रुग्णालय गाठावयाचे. काढा पाजून सकाळची वाट पाहायची नाही. कर्करोगापेक्षा अशा तापाने माणूस लवकर जातो.

केसांविषयी थोडे. पहिल्या डोसानंतर अडीच आठवड्यांनी माझे केस उशीवर आले. आपल्या समाजात पुरुषाला एक सोय आहे, टोपी घातली की कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. उलट गावी आल्यावर दोघा-तिघांनी भावाला सांगितले की, सर अलीकडे फार दीनदार झाले! स्त्रियांचे तसे नाही. पदर असला, बुरखा असला तरी घरात आरसा असतोच. त्या कोळीण बाईंनी दुसऱ्या डोसाच्या आधीच केस कापून टाकले होते. "एकेक जाताना कशाला बघत बसू?" असे म्हणाल्या. नंतर पाहिले तर त्यांच्या वॉर्डातल्या तीन बायकांनी त्यांचे पाहून तसेच केले.

आता थोडा वेळ विद्यार्थ्यांकडे वळतो. माझ्या चार औषधांतले एक सदाफुलीपासून काढलेले असते. होय, आपल्या अंगणात, कबरस्तानाच्या वाटेवर जी गुलाबी-पांढरी सदाफुली असते तीच. हे झाड मूळचे मादागास्करचे. जमैकात लोक तिचा काढा मधुमेहावर घेत, म्हणून कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर या शास्त्रज्ञांनी तिच्या पानांचा अभ्यास सुरू केला. साखर काही उतरेना, पण प्रयोगातल्या जनावरांच्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. तेव्हा त्यांनी ओळखले की, हे रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर चालेल. १९५८ साली विनब्लास्टिन हे औषध पुढे आले. एकाच्या शोधात निघावे आणि दुसरेच सापडावे, असे विज्ञानात होते, मात्र त्यासाठी पाहणारा जागा असावा लागतो.

आणि आपल्या देशाचा एक माणूस. येल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म १८९५, आंध्रातील भीमावरम. मॅट्रिकला दोनदा नापास होऊन तिसऱ्या वेळी पास झाले. पुढे अमेरिकेस गेले. फॉलिक आम्लाविरुद्ध काम करणारी औषधे त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली, आणि बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी ती रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिली. काही मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला. हा वृत्तान्त १९४८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी सुब्बाराव वारले. ते नोबेल मिळवू शकले नाहीत, पाठ्यपुस्तकातही ते क्वचितच भेटतात. जे विद्यार्थी यंदा एका विषयात राहिले आहेत आणि मागच्या रांगेत बसले आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम हे नाव सांगितले.

परंतु सदाफुलीचे ऐकून कोणी घरी काढा करू नये. धर्मशाळेत एका गृहस्थाला कोणीतरी मोबाईलवर हे दाखवले होते, आणि ते रोज सकाळी सदाफुलीची पाने वाटून घेत होते. झाड विषारी आहे. औषध मिलिग्रॅमात मोजून, शिरेतून देतात, ते कुठे आणि पानांचा वाटा कुठे. सहरुग्ण धीर देतात तसे भलते सल्लेही देतात, हे मी लपवणार नाही. कोणी म्हणे साखर बंद करा म्हणजे गाठ उपाशी मरेल, कोणी म्हणे अमुक बाबांकडे झाडपाल्याची पुडी मिळते, कोणी दम करून आणलेले पाणी देई. पाणी मी प्यालो, त्यात देणाऱ्याची दुआ होती आणि फक्त पाणी उकळलेले आहे ना एवढे पाहिले. पुडी मात्र घेतली नाही. सोबत्याचा अनुभव ऐकावा, सोबत्याचे औषध घेऊ नये, असा नियम कंडक्टरसाहेबांनीच घालून दिला होता.

रमजान त्या वर्षी मार्चच्या अखेरीस सुरू झाला. मालेगावचे एक वयस्क यंत्रमाग कामगार आमच्या मजल्यावर होते, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्यांचा एकही रोजा चुकला नव्हता आणि ते काही ऐकेनात. डोसानंतर पाणी भरपूर प्यावयास सांगितलेले, गोळ्या वेळेवर घ्यावयाच्या, आणि हे पहाटेपासून कोरडे. आजाऱ्याने आणि प्रवाशाने ते दिवस पुढे भरून काढावेत, ही सवलत कुरआनशरीफमध्येच आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरी मन मानेना. तिसऱ्या दिवशी ते जिन्यात चक्कर येऊन पडले. तेव्हा त्यांच्या शेजारच्या खाटेवरचे सोलापूरचे एक लिंगायत गृहस्थ म्हणाले, "चाचा, तुम्ही आजारी पण आहात आणि प्रवासी पण. तुम्हाला डबल सूट आहे." चाचा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रोजा सोडला, पण इफ्तारच्या वेळी मात्र ते वजू करून आमच्यात येऊन बसत, आणि सोलापूरचे ते गृहस्थ त्यांच्या हातावर खजूर ठेवत.

आता ज्या मुलामुळे मी हे भाषण करण्यास खऱ्या अर्थाने राजी झालो, त्याच्याविषयी. तो बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराचा मुलगा, वय सोळा, आजार माझाच, औषधे तीच. दहावीचे वर्ष बुडालेले. मी मास्तर आहे हे कळल्यावर त्याने पिशवीतून बीजगणिताचे पुस्तक काढले. माझा विषय गणित नाही, पण सहा डोस आम्ही दोघांनी मिळून एकसामयिक समीकरणे सोडवली. त्याचा उजवा हात सुईचा असला की तो तोंडाने सांगे आणि मी लिहून घेई. कधी कधी त्याचेच बरोबर असे.

सातव्या डोसाला तो आला नाही. त्याच्या मानेवरच्या गाठी पूर्ण बसल्या होत्या, आणि वडिलांनी विचार केला की, पोरगा बरा झाला, आता मुंबईचा खर्च कशाला. हे फार ठिकाणी होते. गाठ दिसेनाशी झाली म्हणजे रोग गेला असे नाही. उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात, आणि दुसऱ्यांदा त्याच औषधाला दाद देतीलच असे नसते. मी फोन केला, वडिलांनी उचलला नाही. कंडक्टरसाहेबांनी मात्र हार मानली नाही. त्यांनी बीड डेपोतील कोणा ओळखीच्या ड्रायव्हरचा नंबर मिळवला, त्याच्यामार्फत गावच्या पोलीस पाटलांचा, आणि त्यांच्या फोनवर मुलाच्या आईला बोलावून घेतले. कोळीण बाई तिच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकले आहे, पण ती भाषा या व्यासपीठावरून सांगण्यासारखी नाही! बारा दिवस उशिरा का होईना, मुलगा आला. त्या बारा दिवसांत आम्हा चौघा-पाच जणांच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. तो दारातून आत आला तेव्हा कोणी त्याला रागावले नाही. मी फक्त विचारले, "पुस्तक आणलेस का?"

त्याचे सर्व डोस पूर्ण झाले. पुढच्या वर्षी तो दहावी पास झाला. मार्क मी सांगत नाही, नाहीतर येथील काही पालक लगेच आपल्या मुलांकडे बघतील.

आणि कंडक्टरसाहेब गेले. माझे चिपळूण त्यांनी पाहिले, बाराव्या डोसाला मला खरोखर पंच केलेले जुने तिकीट आणून दिले. त्यांचा आजार यकृतात पसरलेला होता आणि तो त्यांना सुरुवातीपासून ठाऊक होता. दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलाचा फोन आला. मी आणि भाऊ महाडला जाऊन आलो.

हे मी अशासाठी सांगतो की, "धीर धरला की कॅन्सर बरा होतो" असे आपण सहज बोलून जातो. त्यांच्याएवढा धीराचा माणूस मी पाहिला नाही. १९८९ साली अमेरिकेतील डेव्हिड स्पीगल या डॉक्टरांनी प्रसिद्ध केले होते की, स्तनाच्या कर्करोगाच्या ज्या स्त्रिया एकमेकींबरोबर गटात बसून बोलत त्या अधिक काळ जगल्या. त्याचा फार गाजावाजा झाला. पुढे २००१ साली कॅनडातील मोठ्या प्रयोगात तसे आढळले नाही, आणि खुद्द स्पीगल यांनी पुन्हा केलेल्या प्रयोगातही नाही. मात्र कॅनडातील त्या प्रयोगात एक गोष्ट दिसून आली. गटातल्या स्त्रियांचे मन कमी खचले आणि त्यांना वेदना कमी जाणवल्या. माझा अनुभव याच्याशी जुळतो. गाठ औषधाने विरघळली. पण औषध घ्यावयास बारा वेळा त्या खोलीत जाणे मला एकट्याने झाले असते, असे वाटत नाही. आणि जो बरा झाला नाही त्याने धीर कमी धरला असे कोणी म्हणू नये. असे म्हणणारे लोक मयतीच्या घरीही भेटतात.

पालकांकडे दोन-तीन मागण्या आहेत. हा आजार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने लागत नाही, तेव्हा रुग्णाचा कप वेगळा ठेवू नका. केमोनंतर दोन दिवस औषध लघवी-उलटीतून बाहेर पडते, त्यासाठी संडास नीट धुणे आणि कपडे वेगळे धुणे एवढे पुरे आहे. भेटायला जाल तेव्हा "अमक्याला हाच होता, तो गेला" ही कथा सांगू नका, खोकला-सर्दी असेल तर जाऊच नका. फळे नेण्यापेक्षा मुलांना दोन दिवस आपल्या घरी जेवायला न्या. आणि शाळेला सांगा. हजेरी, परीक्षा, फी, सर्व गोष्टींची वाट काढता येते, पण आम्हास कळले तर.

पैशांचे थोडक्यात. राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिच्यात कर्करोगाचे बरेच उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरचे नाव एकसारखे आहे का, ते आजच घरी जाऊन पाहा. एका वेलांटीपायी माणसे आठ-आठ दिवस खिडकीवर उभी असलेली मी पाहिली आहेत. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला उपचारासाठीच्या प्रवासात तिकिटात मोठी सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयातून फॉर्म भरून घ्यावा लागतो. रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तेथे संकोच न करता जावे.

विद्यार्थ्यांना एकच. त्या रुग्णालयात सर्वांत जास्त गर्दी मी तोंडाच्या कर्करोगाच्या रांगेत पाहिली, आणि त्यात माझ्याहून लहान वयाची मुले होती. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तो नाक्यावर कोणत्या टपरीत मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून अधिक बोलत नाही.

माझी तपासणी अजून दर सहा महिन्यांनी होते. आजवरच्या तपासण्या चांगल्या आल्या आहेत, अल्हम्दुलिल्लाह. तपासणीला जातो तेव्हा अर्धा दिवस केमोच्या खोलीत काढतो. नव्या माणसाशेजारी बसतो, कुठला गाव ते विचारतो, आणि त्या गावच्या रस्त्यावरचे थांबे मोजतो. विदर्भातले रस्ते मला ठाऊक नाहीत, तेव्हा तेथल्या माणसाकडूनच मोजून घेतो.

आपल्या पंचक्रोशीतील कोणाला पहिल्यांदा मुंबईला जायचे असेल, खिडकी कोणती, कागद कोणते, धर्मशाळेत नाव कसे लावायचे हे माहीत नसेल, तर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी ग्रंथालयाच्या खोलीत असतो. रुग्णाला आणण्याची गरज नाही, फाईल घेऊन कोणीही यावे. स्त्रियांसाठी आपल्या शाळेतील एक बाई, ज्यांनी स्वतः हे उपचार घेतले आहेत, त्याही तेथे बसण्यास तयार झाल्या आहेत. त्यांनी नाव सांगावयास मला परवानगी दिलेली नाही, आल्यावर त्या स्वतःच ओळख देतील.